हवेतून जाणारी अक्षरे

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यात नरडाणा हे गाव आहे. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा महामार्ग आणि सुरतेहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग हे दोन्ही या गावाला स्पर्श करून जातात. जवळच औद्योगिक वसाहत उभी राहिली आहे. तरीही आसपासच्या शिवारात कपाशी डोलते, ज्वारी पिकते आणि पोळ्याला बैल सजतात. अशा गावात जुने आणि नवे शेजारी शेजारी नांदत असते. त्या गावाच्या पार्श्वभूमीवर रचलेली एक लहानशी गोष्ट येथे सांगायची आहे. गोष्ट कल्पित आहे. परंतु तिच्यात आलेली शास्त्राची आणि इतिहासाची माहिती मात्र खरी आहे.

मृगाच्या सरी पडून गेल्या होत्या. कपाशीची लागवड आटोपून एक वृद्ध शेतकरी पीक विम्याचा अर्ज भरण्यासाठी गावातील सेवा केंद्रात आले. सातवीत शिकणारी त्यांची नात सोबत होती. केंद्रात गर्दी बरीच होती. केंद्र चालवणाऱ्या तरुणाने “या आबा, बसा,” असे म्हणून त्यांना जवळ बसवून घेतले. टेबलावर कागदांचा ढीग पडला होता; म्हणून त्याने संगणकाचा कळफलक सरळ मांडीवर घेतला. त्या कळफलकाला तार नव्हती.

“आबा, आधार क्रमांक सांगा आणि बँकेचा खाते क्रमांकही सांगा,” तो म्हणाला.

आबांनी मागे वळून पाहिले. रांगेत दहाबारा माणसे उभी होती. आबांनी रुमालात जपून बांधलेला कागद सोडला, चालकाच्या कानाशी तोंड नेले आणि एकेक आकडा अगदी हळू आवाजात सांगितला. पाठीमागच्या माणसालाही तो ऐकू गेला नसेल. वर्षभराच्या घामाचे मोल ज्या खात्यात जमा व्हायचे, त्या खात्याचा आकडा चारचौघांत कशाला सांगायचा, असा त्यांचा साधा विचार होता.

चालकाची बोटे कळफलकावरून भराभर फिरू लागली. नात ते पाहत होती. थोड्या वेळाने तिने विचारले, “दादा, तुमच्या कळफलकाला तार नाही. मग तुम्ही दाबलेला आकडा संगणकाला कसा कळतो?”

“हवेतून कळतो, ताई,” चालक हसून म्हणाला. “संगणकाच्या मागे नखाएवढा रिसीव्हर लावला आहे ना, तो ऐकतो.”

“पण मग तो आकडा त्या रिसीव्हरलाच तेवढा ऐकू येतो का? रांगेतल्या एखाद्याजवळ तसेच ऐकणारे यंत्र असले, तर त्यालाही नाही का ऐकू येणार?”

चालकाची बोटे जागच्या जागी थांबली. “खरे सांगू का,” तो म्हणाला, “हा विचार माझ्या मनात कधी आलाच नाही.”

दुसऱ्या दिवशी तिने हाच प्रश्न शाळेत विज्ञानाच्या गुरुजींना विचारला. गुरुजी क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “प्रश्न फार चांगला आहे. याचे उत्तर फळ्यावर देण्यापेक्षा मैदानावर दिले, तर सर्वांना समजेल. परंतु त्यापूर्वी थोडी माहिती ऐका.

“आपल्या स्टेशनजवळून पूर्वी तारायंत्राच्या तारा गेलेल्या असत. त्या तारांतून गावोगाव निरोप जात. आपल्या देशातील ती तारसेवा 2013 साली बंद झाली. तारेतून जाणारा निरोप चोरून ऐकायचा असेल, तर चोराला खांबावर चढून तारेला हात घालावा लागे. तार म्हणजे निरोपाला घातलेले एक कुंपणच होते. बिनतारी यंत्रात ते कुंपण नाहीसे झाले. कळफलकाची कळ दाबली, की त्यातील बारीकसे यंत्र आसपास रेडिओ लहरी सोडते. आजच्या पुष्कळ कळफलकांच्या लहरी सेकंदाला सुमारे 240 कोटी वेळा कंप पावतात. कोणती कळ दाबली, याची खूण त्या लहरींत गुंफलेली असते. संगणकाला लावलेला रिसीव्हर ती खूण ओळखतो आणि पडद्यावर अक्षर उमटते. माऊसचेही तसेच. तो डावीकडे सरकला की उजवीकडे, हे तो लहरींतूनच सांगतो. आता चला मैदानावर.”

मैदानाच्या एका टोकाला गुरुजींनी एका मुलाला उभे केले आणि दुसऱ्या टोकाला त्या मुलीला. मुलगा झाला कळफलक आणि मुलगी झाली रिसीव्हर. तिसऱ्या एका मुलाला गुरुजींनी हळूच बोलावून मधल्या कडुनिंबाच्या झाडामागे बसवले. मग कळफलक झालेल्या मुलाच्या हातात त्यांनी एक चिठ्ठी दिली. मुलाने चिठ्ठीतील आकडे मोठ्याने ओरडून सांगितले आणि मुलीने ते वहीत लिहून घेतले.

“आकडे बरोबर आले का?” गुरुजींनी विचारले. मुलीने वही दाखवली. आकडे अगदी बरोबर होते. तेवढ्यात झाडामागचा मुलगा बाहेर आला. त्याच्याही वहीत तेच आकडे होते!

सारी मुले हसली. गुरुजी म्हणाले, “हसू नका, हाच पहिला धडा आहे. ओरडणाऱ्याने रिसीव्हरला उद्देशून सांगितले. परंतु आवाज काही तिच्यापुरताच थांबला नाही. रेडिओ लहरींचेही तसेच आहे. त्या चहूकडे पसरतात आणि भिंतीतूनही बऱ्याच अंशी पार जातात. भिंतीला कान असतात, असे आपण म्हणतो. येथे तर भिंतच वाट देते!”

एका मुलाने विचारले, “पण गुरुजी, बिनतारी कळफलक तर आठदहा मीटरपर्यंतच चालतो. मग दूरच्या माणसाला तो कसा ऐकू येईल?”

“ज्याचा कान मोठा, त्याला दूरचे ऐकू येते,” गुरुजी म्हणाले. “पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद आणि त्याच्या आसपासच्या परिसरात एक प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या मिळून ती बनली आहे. कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या तारकाविश्वांतून येणाऱ्या अतिक्षीण लहरी या तबकड्या टिपतात. दहा मीटर ही तुमच्या लहानशा रिसीव्हरच्या कानाची मर्यादा आहे, लहरींची नव्हे. कोणी चांगला अँटेना घेऊन बसला, तर त्याला पुष्कळ दुरूनही त्या टिपता येतात.

“आपल्याच राज्याच्या इतिहासात याचे एक उदाहरण आहे. 1942 साली ‘छोडो भारत’ चळवळ सुरू झाली. पुढारी तुरुंगात गेले आणि वृत्तपत्रांवर बंधने आली. तेव्हा मुंबईत उषा मेहता या 22 वर्षांच्या तरुणीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला. देशातील खऱ्या घडामोडी त्यावरून लोकांना कळत. परंतु ज्या लहरी लोकांच्या कानी पडत, त्याच लहरी पोलिसांच्याही कानी पडत. पोलीस ती भाषणे टिपून घेत आणि केंद्राचा माग काढत. म्हणून त्या शूर मंडळींना आपली जागा पुन्हा पुन्हा बदलावी लागे. अखेर त्यांच्याच कामाशी संबंध असलेल्या एका माणसाकडून पोलिसांना ठिकाण कळले आणि 12 नोव्हेंबर 1942 रोजी उषा मेहता पकडल्या गेल्या. त्यांना चार वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. त्यांना सर्वांपर्यंत पोहोचायचेच होते, म्हणून त्यांनी तो धोका जाणूनबुजून पत्करला. पण आबांचा खाते क्रमांक काही सर्वांसाठी नव्हता.”

मुले गंभीर झाली. नात म्हणाली, “गुरुजी, मग आपला निरोप दुसऱ्याला ऐकू गेला तरी कळू नये, असे काही करता येणार नाही का?”

“येईल. आता दुसरा खेळ खेळू,” गुरुजी म्हणाले. त्यांनी कळफलक आणि रिसीव्हर झालेल्या दोघांना जवळ बोलावून त्यांच्या कानात काही सांगितले. दोघे पुन्हा आपापल्या जागी गेले. मुलगा ओरडला, “चार, दोन, सात, पाच!”

झाडामागचा मुलगा वहीकडे पाहत राहिला. मुलीने मात्र वहीत 1942 असे लिहिले होते. गुरुजींनी उलगडा केला, “प्रत्येक आकड्यात तीन मिळवायचे आणि बेरीज दहाच्या घरात गेली तर फक्त एकम घ्यायचा, असे मी दोघांना सांगितले होते. एकाचे चार झाले, नवाचे दोन झाले, चाराचे सात आणि दोनाचे पाच झाले. मुलीने तीन तीन वजा करून मूळ आकडे परत मिळवले. निरोप असा बदलून पाठवणे याला कूटलेखन म्हणतात. हे निरोपाला लावलेले कुलूपच होय. तीन हा आकडा त्या कुलपाची किल्ली.”

मग ते झाडामागच्या मुलाला म्हणाले, “तुला एक सुगावा देतो. हे आपल्या स्वातंत्र्यलढ्यातील एक साल आहे. पाहा बरे, कुलूप उघडते का?”

मुलाने प्रत्येक आकड्यातून एक वजा केला, 3164 आले. दोन वजा केले, 2053 आले. तीन वजा केले आणि तो आनंदाने ओरडला, “1942!”

“पाहिलेत?” गुरुजी म्हणाले. “कुलूप होते, पण त्याच्या किल्ल्या अवघ्या नऊ. तिसऱ्याच किल्लीने ते उघडले. तुम्हाला वाटेल, की ही मुलांच्या खेळातली गोष्ट झाली. परंतु मोठ्या कंपन्यांच्या हातूनही अशीच चूक झाली आहे. 2007 साली स्वित्झर्लंडमधील एका संस्थेच्या दोन संशोधकांनी, माक्स मोझर आणि फिलिप श्र्योडेल यांनी, एका जगप्रसिद्ध कंपनीचे बिनतारी कळफलक तपासले. त्यांच्या कुलपाला केवळ 256 किल्ल्या होत्या. माणसाला 256 किल्ल्या लावून पाहायला वेळ लागेल. संगणकाला तो क्षणाचा खेळ. पन्नासएक कळा दाबून होण्यापूर्वीच ते कुलूप उघडता येत होते. उलट आजच्या उत्तम कुलपाच्या किल्ल्या किती असतात, ठाऊक आहे? ती संख्या लिहायला 39 अंक लागतात. जगातील सारे संगणक जुंपले तरी त्या सर्व किल्ल्या लावून पाहणे शक्य नाही.

“काही वस्तूंना तर कुलूपच नसते. 2016 च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील बॅस्टिल या संस्थेने आठ उत्पादकांचे स्वस्त बिनतारी कळफलक असे दाखवून दिले, की त्यांवर दाबलेली प्रत्येक कळ उघड्या रूपातच हवेत जात होती. सुमारे 75 मीटर अंतरावरून ती वाचता येत होती. त्यापूर्वी, 2015 च्या जानेवारीत, सॅमी कामकार या अमेरिकन संशोधकाने भिंतीत लावायच्या चार्जरसारखे दिसणारे एक यंत्र बनवले. जवळच्या बिनतारी कळफलकावर जे जे लिहिले जाई, ते ते हे यंत्र गुपचूप टिपून घेई. पाहणाऱ्याला वाटावे, कोणीतरी आपला चार्जर विसरून गेला आहे! पुढे 2016 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने तेथील उद्योगांना या युक्तीविषयी सावध केले.”

“म्हणजे हे लोक चोरच होते का, गुरुजी?” एका मुलाने विचारले.

“नव्हे. वाड्याचा दरवाजा नीट लागत नाही, हे मालकाला वेळीच सांगणारा राखणदार आणि त्याच दरवाजातून आत शिरणारा चोर, या दोघांत मोठे अंतर आहे. दोघांनाही फट दिसते. एक ती बुजवायला सांगतो, दुसरा तिचा लाभ घेतो. मी सांगितलेले संशोधक हे राखणदार होते. त्यांनी दोष जाहीर केले, म्हणूनच तो विषय लोकांच्या ध्यानात आला. दुसऱ्याचा निरोप त्याच्या संमतीशिवाय ऐकणे किंवा दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हा आपल्या देशात कायद्याने गुन्हा आहे, हेही विसरू नका.”

ऊन चढले होते. पण मुलांना त्याचे भान नव्हते. गुरुजी म्हणाले, “आता तिसरा आणि शेवटचा खेळ.” त्यांनी रिसीव्हर झालेल्या मुलीला पाठ फिरवून उभे राहायला सांगितले. कळफलक झालेला मुलगा चिठ्ठी उघडू लागला. तो तोंड उघडणार, इतक्यात झाडामागच्या मुलाने त्याच्याच आवाजाची नक्कल करून भलतेच आकडे ओरडून सांगितले. मुलीने निमूटपणे ते लिहून घेतले!

“अग, ते मी सांगितलेच नव्हते!” कळफलक झालेला मुलगा ओरडला. पुन्हा हशा पिकला.

“पहिल्या दोन खेळांत चोर ऐकत होता,” गुरुजी म्हणाले. “या खेळात तो बोलू लागला. ऐकणाऱ्या चोरापेक्षा बोलणारा चोर अधिक घातक. रिसीव्हरला निरोप मिळाला; पण तो कोणाकडून आला, याची खातरजमा त्याने केली नाही.

“ही युक्ती रेडिओइतकीच जुनी आहे. 1903 सालच्या जून महिन्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत शास्त्रज्ञ फ्लेमिंग बिनतारी संदेशवहनाचे प्रात्यक्षिक करून दाखवणार होते. दूर कॉर्नवॉलमधून मार्कोनी संदेश पाठवणार होते. मार्कोनी यांचे म्हणणे असे, की आपले संदेश दुसऱ्या कोणाला ढवळता येणार नाहीत. परंतु त्यांचा संदेश येण्याआधीच सभागृहातील यंत्र आपोआप कडकड वाजू लागले आणि त्यावर ‘उंदीर’ हा शब्द पुन्हा पुन्हा उमटू लागला. पाठोपाठ मार्कोनी यांची थट्टा करणारी कविताही आली. नेव्हिल मॅस्केलिन नावाच्या एका जादूगाराने जवळूनच आपल्या यंत्राने ते शब्द सोडले होते. फ्लेमिंग फार रागावले. मॅस्केलिन यांनी मात्र उत्तर दिले, की या पद्धतीतील उणीव लोकांना दिसावी म्हणूनच आपण हे केले.

“त्यानंतर 113 वर्षांनी, 2016 च्या फेब्रुवारीत, बॅस्टिल संस्थेच्या मार्क न्यूलिन यांना तोच दोष बिनतारी माऊसच्या रिसीव्हरमध्ये आढळला. एकदोन नव्हे, सात नामांकित कंपन्यांच्या वस्तूंत तो होता. असे का झाले असेल? कळफलकाच्या निरोपाला कंपन्यांनी कुलूप लावले होते. परंतु माऊसचा बाण इकडून तिकडे सरकला, यात गुप्त ते काय, असे समजून त्याच्या निरोपाला कुलूप लावले नव्हते. संशोधकांनी त्याच मोकळ्या वाटेने अक्षरे पाठवली आणि काही रिसीव्हरांनी ती मुकाट्याने स्वीकारली. जणू पुढचा दरवाजा कडेकोट बंद आणि गोठ्याचे दार सताड उघडे! 100 मीटरपर्यंतच्या अंतरावरून संगणकावर हवे ते लिहिता येत होते. संगणकाला वाटावे, की आपला मालकच लिहीत आहे. अशा रीतीने एखादा घातक प्रोग्राम आत उतरवून घ्यायला काही क्षण पुरतात.

“याच न्यूलिन यांनी 2023 च्या डिसेंबरमध्ये ब्लूटूथमधील एक दोष उघड केला. काही परिस्थितींत खोटा कळफलक मालकाच्या संमतीवाचूनच फोनशी किंवा संगणकाशी नाते जोडू शकत होता. अँड्रॉइडचे फोन, लिनक्सवर चालणारे संगणक आणि ॲपलची यंत्रे या सर्वांत तो सापडला. उत्पादकांनी दुरुस्त्या पाठवल्या. परंतु दुरुस्ती आली तरी जो ती आपल्या यंत्रात बसवून घेत नाही, त्याचे दार उघडेच राहते.”

नातीच्या चेहऱ्यावर काळजी दिसू लागली. “मग गुरुजी, बिनतारी वस्तू मुळीच वापरू नयेत का?”

“तसे नव्हे, बाळ,” गुरुजी म्हणाले. “विहिरीत पडण्याचा धोका असतो म्हणून कोणी विहीर बुजवीत नाही, तिला कठडा बांधतो. या चोराला आपल्या जवळपास यावे लागते, हे ध्यानात असू द्या. घरी चित्र काढताना किंवा धडा लिहिताना बिनतारी माऊस वापरला म्हणून आभाळ कोसळत नाही. परंतु जेथे परक्यांची ये-जा आहे आणि लोकांचा पैसा, आधार क्रमांक, गुप्त शब्द ज्या यंत्रातून जातात, तेथे कठडा हवाच. बँक, पतपेढी, सेवा केंद्र, कार्यालय ही अशी ठिकाणे होत. तेथे तारेचा कळफलक आणि तारेचा माऊस वापरावा. तार दिसायला जुनाट वाटते. पण ती निरोपाचे कुंपण आहे.

“बिनतारी वस्तू घ्यायचीच झाली, तर ती स्वस्त किती एवढेच पाहू नये, तिच्या निरोपाला भक्कम कूटलेखनाचे कुलूप आहे का, हे आधी पाहावे. फोनच्या आणि संगणकाच्या दुरुस्त्या आल्या की त्या लगेच बसवून घ्याव्यात. काही जुन्या रिसीव्हरांत कारखान्यातून निघाल्यावर दुरुस्ती करताच येत नाही. तो रिसीव्हर सरळ बदलावा. जागेवरून उठताना संगणकाचा पडदा कुलूपबंद करावा. काम नसेल तेव्हा फोनचे ब्लूटूथ बंद ठेवावे आणि अनोळखी वस्तू जोडू का, असे फोनने विचारले तर नकार द्यावा. कोणाचा तरी म्हणून पडलेला चार्जर अगर रिसीव्हर आपल्या यंत्राला लावू नये. आणि खात्यातून पैसे गेल्याचे ध्यानात आले, तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब 1930 या क्रमांकावर कळवावे. ती सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी ठेवलेली राष्ट्रीय सेवा आहे. जितक्या लवकर कळवाल, तितका पैसा अडवता येण्याचा संभव अधिक.

“शेवटी एक गोष्ट. उषा मेहतांच्या केंद्राचे ठिकाण अखेर एका माणसाच्या तोंडून फुटले, हे तुम्ही ऐकलेत. कुलूप कितीही भक्कम असले, तरी आपणच ओटीपी किंवा गुप्त शब्द परक्याला फोनवर सांगितला, तर ते कुलूप काय करणार?”

त्या दिवशी शाळा सुटल्यावर नात घरी गेली नाही. ती आधी सेवा केंद्राकडे गेली. मैदानावर जे जे घडले, ते तिने चालकाला सांगितले. तो लक्षपूर्वक ऐकत होता. ऐकून झाल्यावर तो उठला. आतल्या खोलीतील कपाटावर तारेचा एक जुना कळफलक धूळ खात पडला होता. तो त्याने आणला, फडक्याने पुसला आणि संगणकाला जोडला. पाठीमागचा नखाएवढा रिसीव्हर त्याने काढून खणात ठेवला.

“ताई,” तो म्हणाला, “गावची माणसे विश्वासाने माझ्या कानात आकडे सांगतात. तो विश्वास माझ्या यंत्राने मोडता कामा नये. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, म्हणतात ते खरे. पण येथे ठेच लागण्याआधीच तू शहाणे केलेस!”

दोन दिवसांनी आबांना अर्जाची पावती घेण्यासाठी केंद्रात जावे लागले. नातही होती. तार लावलेला कळफलक पाहून आबांनी विचारले, “का रे, नवे होते ते गेले आणि जुने कसे आले?”

चालक नातीकडे पाहून हसला. नातीने आबांना थोडक्यात सारे सांगितले. आबा कधी संगणकाला शिवले नव्हते. पण त्यांना ते लगेच समजले. ते म्हणाले, “म्हणजे मी कानात सांगत होतो आणि हे यंत्र वेशीवर ओरडत होते, असेच ना?”

“असेच, आबा!” नात म्हणाली.

आबांनी पावती घडी करून रुमालात बांधली. त्या दिवशीही रांगेत दहाबारा माणसे उभी होती, आणि पुढचा माणूस चालकाच्या कानाशी वाकून आपला खाते क्रमांक हळू आवाजात सांगत होता.

स्वाध्याय

1. आबांनी आपला खाते क्रमांक चालकाच्या कानात का सांगितला? तरीही तो गुप्त राहील याची खात्री का नव्हती?

2. ‘तार म्हणजे निरोपाला घातलेले एक कुंपणच होते,’ हे वाक्य तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

3. ‘ऐकणारा चोर’ आणि ‘बोलणारा चोर’ यांतील फरक पाठातील एकेक उदाहरण देऊन सांगा.

4. बिनतारी माऊसच्या निरोपाला कुलूप लावण्याची गरज कंपन्यांना का वाटली नाही? त्याचा परिणाम काय झाला?

5. प्रत्येक आकड्यात चार मिळवून 1947 हे साल कूटलेखनात लिहा. तुमच्या मित्राला किल्ली न सांगता ते ओळखायला सांगा. त्याला किती प्रयत्न करावे लागले?

6. तुमच्या गावातील सेवा केंद्र, पतपेढी किंवा शाळेचे कार्यालय यांपैकी एका ठिकाणी मोठ्या माणसांसोबत जा. तेथील कळफलक व माऊस तारेचे आहेत की बिनतारी, ते विचारा आणि या पाठात काय वाचले, ते तेथील लोकांना नम्रपणे सांगा.